‘बंदूक १, जुनी’

मी जन्मात कधी बंदूक चालवलेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ‘आता हे महाशय बंदुकांचा उदोउदो करू लागले’ असा निष्कर्ष काढायला टपलेल्यांचे श्रम वाचतील. आमच्या घरात मात्र एक बंदूक होती. होती म्हणजे अजूनही आहे; पण ती तीच आहे का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच हा लेख.

काकांच्या नावे शेतरक्षणाचा परवाना होता. ठासणीची एकनळी, परवान्याच्या भाषेत ‘एसबीएमएल’. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत अशा बंदुका अनेक घरांत आहेत. रानडुकरे आणि माकडे पिकात शिरली की बार काढायचा, बस्स. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. (डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती त्याच काळात शेतात उतरतात, ही आमच्याकडची जुनी तक्रार.) अशाच एका निवडणुकीनंतर काका बंदूक घेऊन घरी आले. दस्त्यावर वेलबुट्टी काढलेली एक पितळेची पट्टी होती, ती नव्हती. काकी म्हणाली, दस्ताच वेगळा आहे. काका परत गेले. तिथल्या माणसाने शांतपणे पावतीची स्थळप्रत काढून दाखवली. त्यावर लिहिले होते: ‘बंदूक १, जुनी’. ह्यात पट्टी कुठे आहे, असे त्याने विचारले. काका गप्प परतले. ठाणे कुठले ते सांगत नाही. त्याची गरजही नाही. पट्टी होती असे आम्ही तरी कुठे लिहून ठेवले होते?

माझे म्हणणे एवढेच आहे. तुमच्या घरातल्या शस्त्रांची यादी तुम्ही केली नाहीत तर ती दुसरा कोणीतरी करतो, आणि तो ‘१, जुनी’ असेच लिहितो. पोलीस लिहितात, लिलाववाला लिहितो, भंगारवाला तर वजनावर लिहितो.

आता गोमंतकीयाला ‘यादी’ शिकवायची म्हणजे माशाला पोहायला शिकवणे! १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आमच्या अंगात असा मुरलेला आहे की घरात कोणी गेले की बाराव्याच्या आधी ‘इन्वेंतार’ शब्द उच्चारला जातो. २०१२ साली गोवा विधानसभेने वारसा आणि इन्व्हेंटरीचा नवा कायदा केला, तरी पद्धत तीच. घरचा कर्ता न्यायालयापुढे सगळी मालमत्ता मांडतो. भाट किती चौरस मीटर, माड किती, घराला खोल्या किती, देव्हाऱ्यातली समई कोणाकडे. एका आंब्याच्या झाडावरून चुलतभाऊ वीस वर्षे बोलत नाहीत, इतका तपशील. आणि त्याच घरात खुंटीवर टांगलेल्या बंदुकीविषयी कोणाला विचारा. ‘आजोबांची आहे.’ आजोबांना कोणी दिली? ‘असेल कोणीतरी.’ बोअर किती? नळीवर काय कोरले आहे? मौन! दसऱ्याला मात्र तिची साग्रसंगीत पूजा होते. एका घरी तर इतकी वर्षे इतके हळदकुंकू आणि तेल त्या नळीवर चढले होते की घडवणाऱ्याचे नाव त्याखाली कायमचे बुजून गेले होते. पूजा करणाऱ्याला त्याचे काही वाटले नाही. भक्ती म्हणजे निरीक्षणातून सुटका, असा आपल्याकडे सोयीस्कर समज आहे.

याउलट एक वही मी पाहिली, ती गोव्यात नव्हे, वांकिडीला.

वांकिडी म्हणजे चंद्रपूरहून राजुरा ओलांडून आसिफाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, ऑक्टोबर २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला आणि वांकिडी आंध्रात राहिली. रेषा अशी आखली गेली, पण मराठी काही रेषेपाशी थांबली नाही. तिथल्या गोंडांच्या परधानांचीही बोली मराठीच. माझ्या चंद्रपूरच्या एका मित्राचे आजोळ तिथे. त्याच्याबरोबर दसऱ्याला गेलो होतो. मित्राचे मामा ऐंशीच्या घरातले. पूजा झाली, आपट्याची पाने वाटून झाली आणि मामांनी कपाटातून रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही काढली. मला वाटले, आता वंशावळ ऐकावी लागणार.

ती बंदुकांची वही होती. सुरू केली मामांच्या वडिलांनी, पुढे चालवली मामांनी. तीन बंदुका, आणि प्रत्येकीला चार-पाच पाने! इंग्लिश दुनळीचे पान मी नीट वाचले. बारा बोअर, नळीची लांबी तीस इंच, दोन्ही नळ्यांचे क्रमांक, नळीखालच्या खुणा पेन्सिलीने हुबेहूब काढलेल्या: मुकुट आणि त्याखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड. ही बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची खूण. बार सोसण्याची परीक्षा दिल्याशिवाय ती उमटत नाही. डावा घोडा बदललेला, कोणत्या साली, किती पैसे पडले. दस्त्याला मनगटापाशी चीर, लांबी दोन बोटे. मग दर वर्षीची एक ओळ: तेल दिले, गंज नाही. एका पावसाळ्यानंतर: ‘गंजाचा ठिपका, उजव्या नळीत, तोंडापासून चार बोटांवर.’ पुढच्या वर्षी: ‘तोच ठिपका, वाढला नाही.’ एखाद्या मुलाच्या प्रकृतीची नोंद ठेवावी तसे! सोबत परवान्यांच्या नकला. निजामाच्या राज्यातला कागद उर्दूत, नंतरचे इंग्रजीत, जमा केल्याच्या पावत्या तेलुगूत, आणि ह्या तिन्ही भाषांना एकत्र बांधणारी वही मराठीत.

तिसऱ्या बंदुकीच्या पानावर मी थबकलो. देशी घडणीची ठासणी. नळी दस्त्याकडे आठ पैलूंची, पुढे गोल. तारेने दोन जागी बांधलेली. शेवटचा रकाना, ‘कशी आली’. त्यात मामांच्या वडिलांच्या अक्षरात लिहिले होते की १९४० साली एका गोंड शेतकऱ्याने ज्वारीपोटी ती गहाण टाकली, पाड्याचे नाव, माणसाचे नाव. ज्वारी दोन वर्षांत फिटली. बंदूक परत केली गेली नाही. आणि खाली दोन शब्द: ‘आमची नाही.’

१९४० म्हणजे कुमरम भीम जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला ते साल. भीमाच्या चित्रांत आज त्याच्या हाती बंदूक हटकून असते. पण त्या मुलखातल्या गोंडांच्या हातून बंदुका, बैल आणि जमिनी कशा निसटल्या, हे कुठे पाहायचे? जमिनींचे थोडेफार लिहिले गेले, कारण बंडानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ ह्या अभ्यासकाला तिकडे पाठवले आणि त्याने ते नोंदले. बंदुकांसाठी कोण हायमेनडॉर्फ येणार! एका सावकारी घराने स्वतःच्या वहीत स्वतःविरुद्ध साक्ष लिहून ठेवली, तेवढीच.

ह्या वहीची परीक्षा २०१९ च्या डिसेंबरात झाली. शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. वारसाहक्काने आलेलीही ह्यातून सुटली नाही. जादाची एका वर्षात जमा करायची. घरच्या सगळ्यांचे एकच मत पडले की ते ठासणीचे भंगार द्या. मामांनी ईशापूरच्या कारखान्यातली चांगली चालती एकनळी दिली आणि ठासणी ठेवली. जावयाने कपाळावर हात मारला म्हणे. मी विचारले, ‘मामा, असे का?’ ते म्हणाले, ‘स्वतःची वस्तू सोडता येते हो. दुसऱ्याची कशी सोडू?’

मग परत का नाही केली, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. ज्याची होती त्याचा नातू त्याच पाड्यावर आहे. त्याच्याकडे परवाना नाही. त्याच्या हाती ती दिली तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. मामांनी त्याला बोलावून ते पान वाचून दाखवले आणि त्याची झेरॉक्स दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, चहा घेतला आणि गेला. ह्याला न्याय म्हणायचे का? मला ठाऊक नाही. पण ते पान नसते तर चहासुद्धा झाला नसता.

यादीशिवाय काय होते, त्याचे मोठे उदाहरण मराठ्यांच्याच घरातले आहे. १८५५ मध्ये तंजावरचा राजा निपुत्रिक गेला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. भोसल्यांचा तिथला शस्त्रागार दक्षिणेतल्या उत्कृष्ट शस्त्रागारांपैकी एक. १८६० च्या दशकात निवडक नग मद्रासच्या संग्रहालयाकडे गेले आणि उरलेला ढीग मोडून जुने लोखंड म्हणून विकला गेला. आज जगभरच्या संग्रहालयांत ‘तंजावर’ अशी चिठ्ठी लावलेल्या कट्यारी दिसतात. पण कोणती कोणाची, कोणत्या लढाईतली, हे सांगणारा कागद त्यांच्याबरोबर नाही. आम्ही त्यावर इंग्रजांना शिव्या घालतो, आणि घालाव्यातही. पण त्या शिव्या घालताना आपल्या खुंटीकडेही एकदा पाहावे.

हा विषय मी बोलून दाखवला तेव्हा दोन-तीन सुज्ञ मित्रांनी मला वेड्यात काढले. पहिला म्हणाला, यादी केली की सरकार येऊन उचलून नेईल. अहो, परवान्याची बंदूक सरकारच्या दफ्तरात आधीच आहे! राष्ट्रीय माहितीकोशात परवान्याला स्वतंत्र क्रमांकसुद्धा मिळाला आहे. म्हणजे सरकारला तुमची बंदूक ठाऊक आहे. ठाऊक नाही ती तुम्हालाच. परवाना नसलेली बंदूक घरात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वहीत लिहिल्याने ती कायदेशीर होत नाही, आणि ‘जुनी आहे, चालत नाही’ हे म्हणणेही पुरेसे नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी कालबाह्य शस्त्रे शस्त्र कायद्यातून वगळली आहेत हे खरे, पण ती तशी आहेत की नाहीत हे तुम्ही आरामखुर्चीत बसून ठरवायचे नाही. वकिलाला विचारा आणि रीतसर दाखवा.

दुसरा म्हणाला, वही चोराच्या हाती लागली तर? हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय एकच, वही बंदुकीपाशी ठेवू नका आणि घरच्या व्हॉट्सॲप समूहावर तिचे फोटो टाकू नका. फोटो काढाच: दोन्ही बाजूंनी, क्रमांकाचे, खुणांचे, चिरेचे. पण ते लॉकरमध्ये जावेत. आपल्याकडे उलटे चालते. वही कोणी करत नाही, आणि दसऱ्याच्या सकाळी बंदुकीसह ‘सेल्फी’ मात्र साऱ्या जगाला जातो!

तिसऱ्याचा आक्षेप नैतिक होता. शस्त्रांची इतकी आस्था कशाला, म्हणे. त्याला मी वांकिडीचे पान सांगितले. तो गप्प बसला, पण पटले असावे असे वाटत नाही. असो.

मला खरे भांडायचे आहे ते आपल्या ‘राण्यांच्या बंडातल्या’ बंदुकांशी. गोव्यातल्या जुन्या घरांत भिंतीवरच्या दर दुसऱ्या बंदुकीविषयी हे सांगितले जाते. मी ऐकलेल्या सगळ्या मोजल्या तर १८५२ साली दीपाजी राण्यांची फौज पोर्तुगालच्या सैन्यापेक्षा मोठी होती असे म्हणावे लागेल. त्यातली एक तर मागून काडतूस भरायची दुनळी होती. अशा बंदुका प्रचारात आल्या त्या १८५२ नंतर. हे त्या यजमानांना सांगितले तर ते म्हणाले, ‘मग १८९५ च्या बंडातली असेल.’ बंड बदलले, बंदूक तीच! एखादी बंदूक खरोखर त्या बंडातली असेलही, पण ह्या गर्दीत ती ओळखायची कशी? ज्या गोव्याच्या लोहारांच्या बंदुकांची तारीफ आल्बुकेर्कने आपल्या राजाला कळवली होती, त्या गोव्यात एका घराला एका बंदुकीचा दाखला देता येऊ नये?

‘कशी आली’ हा रकाना रिकामा राहतो तो आळसाने नव्हे, असा माझा संशय आहे. बंडातली म्हटले की शौर्य मिळते. मुंडकाराकडून काढून घेतली, कर्जात अडकवली, शेजाऱ्याच्या वाटणीतून उचलली, असे लिहिले तर काय मिळणार? इन्वेंतारात वडिलांचे कर्जसुद्धा मांडावे लागते, हे आपण विसरतो.

वांकिडीहून परतल्यावर मी दोनशे पानी वही आणली आणि काकीकडे जाऊन बसलो. काका आता नाहीत. बंदूक परवान्यासह चुलतभावाच्या नावावर आहे. लांबी मोजली, फोटो काढले, नळीवरचा अस्पष्ट ठसा कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतला. दस्त्याच्या पुढे ‘बहुधा मूळचा नव्हे’ असे लिहिले, पट्टीसाठी एक ओळ लिहिली. मग शेवटचा रकाना आला. काकीला विचारले. ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली.

‘तुझ्या आजोबांनी आणली,’ ती म्हणाली. ‘डिचोलीहून. कोणाकडून ते मला माहीत आहे. पण तू ते लिहिणार असशील तर आधी दार लाव.’