दोन मोती आणि हरवलेली किल्ली

१४ जानेवारी म्हटली की बडोद्यात पतंग आणि तिळगूळ. याच तारखेला, १७६१ साली, पानिपतचा तिसरा संग्राम झाला. गायकवाड घराण्याचे दमाजीराव त्या रणातून परतले. हजारो परतले नाहीत.

ती बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. ते उत्तरेच्या वाटेवर असताना सावकारी पेढीचा एक जासूद त्यांच्या लोकांनी अडवला. त्याच्याजवळच्या पत्रात हिशेब होता: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-पैशांची तर गणतीच नाही. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. परक्याला हा व्यापारातील तोटा वाटला असता. पेशव्यांना मात्र उलगडा झाला. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार. रणात कोण कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. हे ज्ञान हीच त्या पत्राची किल्ली.

दुसऱ्या महायुद्धातही हेच दिसते. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची मांडणी रोज बदले. पोलंडचे गणितज्ञ मारियन रेयेव्स्की यांनी १९३२ मध्ये, फ्रेंचांनी एका फितुराकडून मिळवलेल्या कागदांच्या आधारे, त्याची अंतर्गत रचना गणिताने शोधली. १९३९ मध्ये पोलंडने हे ज्ञान ब्रिटिशांना व फ्रेंचांना दिले. पुढे ब्लेचली पार्कमध्ये हवामानाच्या संदेशांत तेच ते शब्द येतात, या सवयीचाही उपयोग झाला. यंत्र चांगले होते, माणसे चुकली.

किल्ली शत्रूच्या हाती पडली तर काय होते, ते हे. पण ती आपल्याच हातून हरवली तर?

मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती, असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हते. ती रोजच्या व्यवहाराची, भरभर लिहिण्याची लिपी होती. बडोदे संस्थानचे कितीतरी कागद मोडीत आहेत. गेल्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि आज आजोबा-पणजोबांचे खतपत्र आपल्याला सांकेतिक वाटते. कोणी शत्रूने हे केलेले नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की आठवी-नववीसाठी शनिवारी एक तास मोडीचा असावा. विश्वस्त मंडळाने एक वर्ग द्यावा. मोडी जाणणाऱ्या ज्येष्ठांनी आठवड्यातला तास द्यावा. पालकांना विनंती, माळ्यावरची जुनी दप्तरे रद्दीत घालण्यापूर्वी शाळेत दाखवावीत. मुलांना गुप्तहेरांच्या गोष्टी आवडतातच. घरातलेच पत्र उलगडण्याची संधी त्यांना द्यावी. वाचणारे आज हयात आहेत तोवरच हे सोपे आहे.