बोटीवरचा चहा

आमच्या नाशिकमध्ये कोणी काशीयात्रा करून आले तर मावंदे घालतात, गंगोदकाची कुपी पूजेला लावतात आणि आल्यागेल्याने यात्रेकरूंच्या पाया पडावे अशी रीत आहे. परंतु एक निवृत्त गुरुजी आपल्या सौभाग्यवतींसह मुंबईहून ऐषारामी जहाजाने समुद्राची सफर करून आले, तेव्हा गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत एकच प्रश्न ऐकू आला : "या वयात यांना हे काय सुचले?" कोणी म्हणाले, पैसा वर आला. कोणी म्हणाले, मुलाने तिकिटे काढली म्हणून काय लगेच जायचे? आणि सर्वांत जोरकस आक्षेप एका शेजारीणबाईंचा : "नातवाची परीक्षा तोंडावर, घरात लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडलेल्या, बाईंचा पाय निघालाच कसा?"

या शेवटच्या आक्षेपासाठी मी लेखणी हाती घेतली आहे.

समुद्रावर जाणाऱ्याला नावे ठेवण्याची आपली परंपरा जुनीच आहे. एके काळी समुद्र ओलांडणे हे पाप होते. परत येणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. १८८३ च्या एप्रिलमध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आपण का जातो याचा खुलासा त्यांना आधी भर सभेत करावा लागला. आमच्या नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर ज्या सात बेड्या तोडा म्हणून समाजाला सांगत, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ती बेडी तुटली. परंतु बाईच्या पायात आणखी एक बेडी आहे, आणि ती कोणाच्याच यादीत आली नाही. ती चुलीची. ही बेडी समुद्रावरही बाईच्या बरोबर जात असे. मुंबईहून कोकणात पूर्वी ज्या बोटी जात, त्यांत आमच्या आयाआज्या बसल्याच ना? पण फडक्यात बांधलेल्या दशम्या पहाटे उठून त्यांनीच भाजलेल्या असत, आणि डेकवर पोराला ओकारी झाली तर ती निस्तरायची तीही त्यांनीच. बोट बदलली, पाळी बदलली नाही.

आता या दांपत्याचे पहिले दिवस कसे गेले ते ऐका. बाईंच्या तोंडून जसे ऐकले तसेच सांगते.

पहिला दिवस धांदलीचा. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई, बंदरावर कागदपत्रांची तपासणी, फोटो, आणि हातात एक कार्ड. तेच खोलीची किल्ली, तेच पैशाचे पाकीट. मग तरंगायची जाकिटे कशी घालायची याची कवाईत. संध्याकाळी जहाज हलले, मुंबईचे दिवे मागे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाईंना सवयीने जाग आली. दूध तापवायचे नव्हते, डबा भरायचा नव्हता, केर काढायचा नव्हता. त्या अंथरुणावर बसून राहिल्या आणि आपले काहीतरी करायचे राहिले आहे असे त्यांना तासभर वाटत राहिले. गुरुजी जागे झाले आणि डोळे चोळत म्हणाले, "अगं, चहा?" मग दोघांच्याही ध्यानात आले की इथे चहा करायला चूलच नाही. गुरुजी जिने चढून वर गेले आणि दोन कप घेऊन आले. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने हातात आणून दिलेला हा पहिला चहा! "निवला होता," बाई मला म्हणाल्या, "पण सगळा प्यायले."

तिसऱ्या दिवशी त्या डेकवरच्या खुर्चीत बसून सकाळभर नुसते पाणी पाहत होत्या. गुरुजींना मात्र करमेना. चाळीस वर्षे शाळेच्या घंटेवर जगलेला माणूस. त्यांना रिकामपण टोचू लागले. बाईंना ते रिकामपण मिठाईसारखे वाटले, कारण त्यांनी ते आधी कधी चाखलेच नव्हते.

खोली आवरायला गोव्याकडचा एक तरुण येत असे. चादर अशी ताणायचा की तिच्यावर एक सुरकुती राहू नये. बाईंनी कौतुकाने विचारले, "घरीही असेच करतोस का रे बाळा?" पोरगा लाजला. म्हणाला, "घरी आई करते."

वाचकहो, माझा सगळा मुद्दा या तीन शब्दांत आहे. ज्या कामाला जहाजावर गणवेश आहे, पगार आहे, पाळ्या आहेत, त्याच कामाला घरी नावसुद्धा नाही. "घरी आई करते" एवढे म्हटले की संपले!

थोडा हिशेब मांडू. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून 'एम्प्रेस' नावाचे अकरा मजली जहाज प्रवासी नेऊ लागले. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी एका अमेरिकी कंपनीकडे होते. त्या काळी त्यावर सुमारे १,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला सहाशेंहून अधिक माणसे असत. म्हणजे दर अडीच-तीन प्रवाशांमागे एक माणूस. आता तुमच्या घरी मोजा. खाणारी तोंडे पाच किंवा सहा आणि करणारी एक. तिच्यात आचारी, वाढपी, धोबी, भांडीवाली, आजारपणातली परिचारिका असे सगळे खाते एकाच पदराखाली.

आणखी पाहा. खलाशांसाठी २००६ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जो भारताने २०१५ साली मान्य केला, त्यात विश्रांतीचा दंडक घातला आहे : चोवीस तासांत निदान १० तास, आठवड्यात निदान ७७ तास. दर्यावर वादळे आहेत, यंत्रे बिघडतात, तरी तिथे माणसाची विश्रांती तासांनी मोजतात. आमच्या स्वयंपाकघरात कोणते वादळ आहे की जिथे विश्रांतीचा एक तास कोणी मोजला नाही?

हे माझ्या पदरचे नव्हे. सरकारनेच २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी घरचे बिनपगारी काम करतात, पुरुषांपैकी अवघे २६. जे करतात त्यांतही बाईचे रोजचे २९९ मिनिटे, पुरुषाचे ९७. पाच तास रोज! तोही रविवार नाही, दिवाळी नाही. दिवाळीत उलट वाढतो.

यावर आक्षेप येणार. पहिला असा की, जहाजावर मद्य असते, जुगार असतो, कानठळ्या बसवणारे संगीत असते, ताटात अर्धे अन्न टाकले जाते. असते. त्याची वकिली मी करणार नाही. गुरुजी आणि बाईही तिकडे फिरकले नाहीत. दुसरा आक्षेप, हा ऐषाराम दुसऱ्याच्या कष्टांवर चालतो. ती पोरे महिनोन् महिने घरापासून दूर असतात. अगदी खरे. म्हणूनच मी 'सगळ्यांनी बोटीवर जा' असे सांगत नाही. आपले कष्ट काढून दुसऱ्या गरिबाच्या अंगावर टाकणे ही सुटका नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत गोड : "आमच्या बायका आनंदाने करतात हो!" करत असतील. आनंदाने काम करणारा खलाशीही असतोच. त्याला आनंद आहे म्हणून त्याची झोप कोणी कापत नाही. आणि चौथा : "त्यापेक्षा तीर्थयात्रा करावी." जरूर करावी. पण यात्रेच्या पिशवीतले लाडू-चिवडा कोणी केला, आणि परतल्यावर मावंद्याचे पुरण कोणी वाटले, एवढे सांगून मग मला उपदेश करा.

परत आल्यावर बाईंनी एके सकाळी अंथरुणातूनच विचारले म्हणे, "अहो, चहा?" यावरून शेजारीण सांगत सुटली आहे की, बोटीने बाई बिघडल्या. माझे म्हणणे असे की, अशा बिघडलेल्या बायका नाशिकमध्ये पुष्कळ व्हाव्यात, आणि त्यासाठी हजारो रुपयांचे तिकीट लागू नये. जे समुद्रावर तीन दिवसांत साधले ते गोदेच्या काठी फुकट साधण्यासारखे आहे. त्याला जहाज लागत नाही. घरातल्या बाप्यांचे दोन हात लागतात, आणि मुलग्यांना लहानपणापासून पोळी लाटायला शिकवणारी आई लागते. होय, आईसुद्धा. 'घरी आई करते' हे वाक्य त्या पोराला शिकवले कोणी?

हा अंक घरात येईल तेव्हा शेजारच्या खोलीत कढई चढलेली असेल. चकलीचा वास येत असेल आणि तुम्ही आरामखुर्चीत हे वाचत असाल. पाडव्याला ती तुम्हाला ओवाळील. ताटात साडीचे पैसे घालाल, अवश्य घाला. त्याबरोबर आठवड्यातल्या दोन सकाळी घाला. त्या दोन सकाळी उठायचे तुम्ही, दूध तापवायचे तुम्ही, भांडी विसळायची तुम्ही, आणि "साखर कुठे आहे?" असे एकदाही विचारायचे नाही. चहा निवलेला असला तरी चालेल.