विश्लेषण : अंगणवाडी दुपारी बंद, आई संध्याकाळपर्यंत कामावर... मग मूल कुठे?

जून जवळ आला की तीन-चार वर्षांचे मूल असलेल्या घरात एकच चर्चा सुरू होते : मुलाला घालायचे कुठे? कोपऱ्यावरच्या नर्सरीचे शुल्क, गणवेश, रिक्षा यांचा हिशेब मांडला जातो. त्याच गल्लीतल्या अंगणवाडीचे नाव त्या चर्चेत सहसा येत नाही. आलेच तर ‘तिथे काय, खिचडी मिळते’ एवढ्यावर विषय संपतो. अंगणवाडीवर आपल्या करातून खर्च होतो, तिच्या काही सेवांना कायद्याचे बळ आहे आणि तरीही तिच्याकडे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. दुसऱ्या बाजूला, जिला अंगणवाडीची सर्वाधिक गरज आहे त्या कष्टकरी आईच्या वेळेशी अंगणवाडीची वेळ जुळत नाही. या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार व्हायला हवा.

अंगणवाडीत नेमके काय मिळायला हवे?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी सहा सेवा ठरलेल्या आहेत : पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज असल्यास पुढील उपचारांसाठी संदर्भ सेवा आणि आईला पोषण व आरोग्य शिक्षण. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात, त्यांना नाश्ता आणि गरम ताजे जेवण द्यायचे असते. म्हणजे खिचडी ही सहापैकी एका सेवेचा भाग झाली. उरलेल्या पाच सेवा मागितल्या नाहीत, तर त्या नोंदवहीतच राहण्याचा धोका असतो.

प्रवेश कोणाला मिळतो?

कोणालाही. दारिद्र्यरेषेखालील असण्याची अट नाही, शुल्क नाही, प्रवेश परीक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २००१ मध्ये ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचा आदेश दिला. डिसेंबर २००६ च्या आदेशाने आणखी एक अधिकार दिला : ज्या ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा कायदेशीर हक्क केला. शहरात भाड्याच्या घरात राहणारे, कामासाठी स्थलांतर केलेले कुटुंबही यात येते. ‘पोषण ट्रॅकर’वरील नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. गाव सोडताना सेविकेला तसे सांगून निघावे, नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

चांगली अंगणवाडी ओळखायची कशी?

त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. न सांगता, सकाळी अकराच्या सुमारास दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन यावे. सेविका आणि मदतनीस दोघी हजर आहेत का? पटावर नावे किती आणि समोर बसलेली मुले किती? मुले भिंतीला टेकून रांगेत गप्प बसली आहेत की खेळत, बोलत, गात आहेत? आहार तिथेच चाखून पाहावा. पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, की त्याला कुलूप लावून आत सामान रचले आहे, हे बघावे. शिवाय वजनकाटा चालू आहे का हे विचारावे.

हा शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मुलाचे वजन आणि उंची नियमित मोजून वाढीची नोंद ठेवणे हे अंगणवाडीचे असे काम आहे, जे महागडी नर्सरीही सहसा करत नाही. दंडाचा घेर मोजण्याची साधी रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल रंग दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे आणि त्याला तातडीने उपचार हवेत. आपल्या मुलाचा वाढीचा आलेख दाखवा, असे सेविकेला दर महिन्याला म्हणणारे पालक वाढले तर निम्म्या त्रुटी आपोआप उघड होतील.

मग खासगी नर्सरी नकोच का?

असे सरसकट म्हणता येणार नाही. अंगणवाडी बंद असेल, गळके छत असेल तर पालक दुसरीकडे वळणारच. पण निवड करताना एक गैरसमज बाजूला ठेवावा. तिसऱ्या वर्षी ए-बी-सी-डी गिरवणे म्हणजे शिक्षण नव्हे. या वयात गोष्टी, गाणी, मातीत खेळणे, घरच्या भाषेत भरपूर बोलणे यांतून मूल शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. केंद्राने २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रात ‘आकार’ हा अभ्यासक्रम त्याआधीपासून आहे. पेन्सिल धरण्याची घाई यांपैकी कशातच नाही.

आणखी एक अडचणीची गोष्ट. अनेक घरांत मुलाचे नाव आहारासाठी अंगणवाडीच्या पटावर असते आणि मूल नर्सरीत जाते. कागदावर पट भरलेला, खोली अर्धी रिकामी. त्यामुळे नुकसान होते ते दुसरा पर्यायच नसलेल्या मुलांचे. प्रश्न विचारू शकणारे पालक निघून गेले की त्या खोलीसाठी भांडणारे कोणी उरत नाही. सरकारी शाळांचे जे झाले, तेच त्याआधीच्या पायरीवर होते आहे.

दुपारनंतरचे काय?

खरा पेच इथे आहे. अंगणवाडी काही तास चालते आणि दुपारी बंद होते. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी, कारखान्यात पाळी करणारी बाई तेव्हा कामावरच असते. शेतमजूर बाई सूर्य डोक्यावर असताना रान सोडून येऊ शकत नाही. मग मूल शेजारणीकडे, झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण स्वतः आठ-दहा वर्षांची असते आणि भावंड सांभाळण्यासाठी तिची शाळा बुडते. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसरे मूल शिक्षणातून मोजते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची स्थिती आणखी बिकट, कारण त्यांना अंगणवाडी आहार देते, पण सांभाळत नाही. कुपोषणाची सुरुवात बहुधा याच वयात होते. तान्ह्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते. पाकीट घरी पोहोचले, पण भरवणारे माणूस घरी नसेल तर त्या पाकिटाचा उपयोग किती?

पाळणाघराच्या योजना कुठे अडल्या?

योजनांची कमतरता नाही. २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली योजना २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. त्यात महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास आणि बहुसंख्य मातांच्या कामाच्या वेळेनुसार पाळणाघर चालवण्याचा नियम होता. २०२२ मध्ये तिचे रूपांतर ‘पाळणा’ योजनेत झाले आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. कल्पना उत्तम, पण उद्दिष्ट संपूर्ण देशासाठी १७ हजारांचे. अंगणवाड्या १४ लाख. म्हणजे उद्दिष्ट शंभर टक्के गाठले तरी ८० अंगणवाड्यांमागे साधारण एक पाळणाघर.

नोकरदार महिलांसाठी २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. घरकामगार, ऊसतोड मजूर, फेरीवाल्या यांना अशी आस्थापनाच नसते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करण्याची तरतूद केली गेली. अशी तरतूद कामाच्या जागी किती वेळा दिसते, हे मजूर बायकांनाच विचारावे.

सगळा भार सेविकेवर का?

वेळ वाढवा म्हटले की सहज उत्तर मिळते : सेविकेला थांबायला सांगा. हे अन्यायाचे आहे. सेविका मुलांना शिकवते, वजन करते, गृहभेटी देते, मोबाइलवर नोंदी भरते, शिवाय सर्वेक्षणेही तिच्याच माथी. तरीही ती ‘मानसेवी’. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेले मानधन सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये. राज्ये त्यात आपली भर घालतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा तो संप जवळपास दोन महिने चालला आणि हजारो अंगणवाड्या बंद राहिल्या. मुलाच्या एका दिवसाच्या आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दर ठरवला तो आठ रुपयांचा. एवढ्या पैशांत आणि एवढ्या मानधनात आदर्श केंद्राची अपेक्षा करणे हा सेविकेच्या चांगुलपणावर चालवलेला कारभार झाला. दुपारनंतरच्या पाळणाघरासाठी स्वतंत्र, पगारी आणि प्रशिक्षित कार्यकर्ती हवी.

पालकांनी काय करावे?

पहिले, मुलाचे नाव नोंदवावे आणि त्याला खरोखर पाठवावे. दुसरे, त्रुटी दिसली तर आधी सेविकेशी बोलावे; सुटत नसेल तर पर्यवेक्षिका आणि त्यानंतर बाल विकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला फाईल नसते. तिसरे, गावात ग्रामसभेत आणि शहरात नगरसेवकाकडे अंगणवाडीची खोली, पाणी आणि पाळणाघर हे विषय मांडावेत. रस्ता आणि गटार यांच्याइतकाच हा नागरी सुविधेचा प्रश्न आहे.

सरकारने काय करायला हवे?

‘लहान मूल आईजवळच बरे’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. आई घरी राहू शकत असेल तर तो निर्णय तिचा. पण जिच्या मजुरीवर चूल पेटते तिला हा सल्ला देण्यात अर्थ नाही. पैसा कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सर्वत्र एकदम नव्हे, तर जिथे बाईचे काम सर्वात कठीण तिथे आधी सुरुवात व्हावी : ऊसतोडीचे फड, वीटभट्ट्या, आदिवासी पाडे, शहरातल्या झोपडपट्ट्या. संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. शिक्षणहक्क सुरू होतो तो सहाव्या वर्षी. आहाराला कायद्याचा आधार मिळाला, तसा सांभाळण्यालाही मिळायला हवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात हे काम उभे केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून मुलांनाच दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दामागे तो विचार आहे : सोय मुलाच्या दारी गेली पाहिजे. आज अंगण पोहोचले आहे. आता ते आई परत येईपर्यंत उघडे राहायला हवे.