साध्या गाडीला ऑफ-रोडच्या गेटवर अडवू नका

पोस्ट मोठी आहे. गाड्यांची आवड नसली तरी वाचा, कारण विषय फिरून नद्यांवर, किनाऱ्यांवर आणि आपल्या सड्यांवरच येणार आहे.

डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह किंवा ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप असली एखादी साधी गाडी घेऊन ऑफ-रोड इव्हेंटला जाऊन बघा. गेटवरच सुरुवात होते. “ही घेऊन आलात?” मग टायरपासून टपापर्यंत एक नजर. मग “लो-रेंज आहे का?” नाही म्हटलं की ठरलेलं वाक्य: “पार्किंगला लावा आणि बघायला या.” मी स्वतः असलीच गाडी चालवतो, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. बोलणारे लोक वाईट नसतात. अडकलात तर तेच चिखलात उतरून दोर बांधतात. पण त्यांनी हा खेळ मोठ्या गाडीवाल्यांच्या वतनासारखा करून टाकलाय, आणि त्याची किंमत या खेळाशी संबंध नसलेले लोक मोजतायत. कशी ते सांगतो.

आधी आयोजकांची बाजू, कारण ती खोटी नाही. साध्या ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मुख्य काम पुढची चाकं करतात. मागच्या चाकांना ताकद पोचवायला मध्ये एक क्लच असतो आणि तो कधी किती दाबायचा हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. डस्टरमध्ये त्यासाठी एक गोल बटण होतं: टू-व्हील, ऑटो, लॉक. लॉक केलं तरी मध्ये क्लचच. खोल वाळूत त्याला फार वेळ रगडलं की तो तापतो, आणि स्वतःचा जीव वाचवायला मागच्या चाकांना सोडून देतो. लो-रेंज नाही, त्यामुळे मुंगीच्या पावलाने दगड चढायचा म्हटलं की क्लच जळाल्याचा वास सुटतो. पोट जमिनीपासून २०० मिलिमीटरच्या जेमतेम वर. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतली चाकं हवेत गेली की गाडी तिथेच हात टेकते.

म्हणून दगडांच्या शिडीवर किंवा मांडीभर चिखलात जाऊ नका असं आयोजक म्हणाले, तर ते शंभर टक्के बरोबर आहेत. अडकलेली गाडी ओढताना पट्टा किंवा हुक तुटून उडाला तर माणूस जागेवर जातो. तिथे हट्ट करणाऱ्याला बाहेर काढलंच पाहिजे.

पण सगळं मैदान म्हणजे ती एक शिडी आणि तो एक चिखलाचा खड्डा आहे का? चढ, उतार, आडवा उतार, सुटी खडी, चाकोऱ्या पडलेली ओली माती, घोट्याएवढं पाणी हे सगळंही ऑफ-रोडच आहे. यातलं बरंचसं साधी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी करते. फक्त डोकं लावावं लागतं. टायरमधली हवा ३२-३३ वरून २० च्या आसपास आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. आधी खाली उतरून वाट पायी चालून बघायची. कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते ठरवायचं. वेग किती लागेल ते चढाच्या पायथ्याशीच ओळखायचं, कारण मध्यावर आठवून उपयोग नसतो. उतारावर क्लच दाबायचा नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात बघायचा आणि निमूट ऐकायचं. आणि सगळं झालं की डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायची.

आता मला सांगा, माणूस इव्हेंटला येतो ते हेच शिकायला ना? मग ते लवकर कोण शिकेल? दोन टनांची, डिफरन्शियल लॉक असलेली गाडी चालकाच्या निम्म्या चुका स्वतः गिळते. चुकीच्या वाटेने गेलात तरी रेटून बाहेर काढते. साधी गाडी चूक तिथल्या तिथे दाखवते. शिवाय वजन नेहमी उपयोगीच पडतं असंही नाही. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी बघा. टनभराच्या आसपास वजन, इंजिन आजच्या हॅचबॅकला लाजवणार नाही असं, आणि तरी सैन्यापासून हिमालयातल्या रॅल्यांपर्यंत तिने नाव काढलं. जिप्सीला लो-रेंज होता, मान्य. पण मऊ जमिनीत हलकी गाडी कमी रुतते, हे तिने दोन पिढ्यांना शिकवलंय.

आता कायद्याचं बघू. गेटवर साध्या गाडीला हसणाऱ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्या नीट बघा. बॉडीच्या बाहेर आलेले टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, लोखंडी बंपर. पुढे बुल-बार लावायला केंद्राने २०१७ सालीच मनाई केली. नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे जी गाडी ‘खरी ऑफ-रोडर’, ती इव्हेंटपर्यंत स्वतःच्या चाकांवर यायलाच मुळात नियमात बसत नाही. आणि जी कंपनीतून आली तशी, नियमात बसून येते, तिला पार्किंग दाखवायचं!

सरकारही काही मागे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत, अशा गाडीला १८ टक्के. बाकीच्यांना ४० टक्के. परिणाम काय? चार मीटरच्या आतली, दिसायला दणकट जीप, पण फिरतात फक्त मागची चाकं, अशी दीड लिटर डिझेलची गाडी १८ टक्क्यांत बसते. आणि चार मीटरच्या आतलीच, खरोखर चारही चाकांना ताकद देणारी जिम्नी, तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. डोंगरातल्या रस्त्यावर, चिखलाच्या शेतवाटेवर खरी गरज चार चाकांची असते. पण कर ठरतो पट्टीने मोजून, चाकं किती फिरतात ते बघून नाही. गाडी विकत घेणारा मग काय शिकतो? जीपसारखी दिसली की झालं.

आणि इथून पुढे विषय तुमचा माझा होतो.

असं दिसणं विकत घेतलेला माणूस ते कुठे दाखवणार? इव्हेंटमध्ये नवशिक्याला वाट नाही, सुरक्षित मैदान नाही, शिकवणारा नाही. मग तो नदीत घालतो. २०२२ साली पँगाँग तलावाच्या पाण्यातून गाडी पळवतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पितीत रस्त्यावरची गर्दी टाळायला एकाने चक्क चंद्रा नदीच्या पात्रातून जीप नेली, पोलिसांनी चलन फाडलं. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्रा किनाऱ्यावर दोन जीप रीलसाठी समुद्रात घातल्या आणि तिथेच अडकल्या, गुन्हा दाखल झाला. यातली एकही गोष्ट इव्हेंटमध्ये घडली नव्हती. आणि यातली एकही गाडी बिचारी, अशक्त नव्हती. गाडीत दम होता, चालकाला शहाणपण नव्हतं.

आपल्याकडे हे लोण कुठे पोचेल याचा विचार करा. कासचं पठार घ्या. पश्चिम घाटाबरोबर ते २०१२ साली जागतिक वारशात गेलं. तिथे जांभ्या खडकावर माती काही ठिकाणी बोटभरही नसते आणि त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद फुलतात. टायरची एक चाकोरी पडली की ती पुढच्या पावसाने बुजत नाही. रत्नागिरी-राजापूरकडचे सडे घ्या. बाहेरच्या माणसाला तो नुसता उघडा कातळ वाटतो, पण त्यावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. सोलापूर-नगरकडचे माळ मोकळे वाटतात, तिथे लांडगे आणि चिंकारा राहतात. ‘इथे तर काहीच नाही’ असं म्हणत चारचाकी घालावी अशी एकही जागा या यादीत नाही.

मग बंदी घाला, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. केरळात इडुक्की जिल्ह्यात ठरवून दिलेल्या जागा सोडून ऑफ-रोडिंगला मनाई होती, तरी २०२२ साली वागामोनच्या चहाच्या मळ्यात इव्हेंट झालाच, मग कारवाई झाली, दंड झाला. नुसत्या बंदीने हौस मरत नाही, ती आडवाटेला लागते. हौसेला जागा द्या आणि त्या जागेबाहेर कडक व्हा. दोन्ही एकदम केलं तरच जमतं.

महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी लावली. त्याच चौकटीत हे बसवा. माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. प्रत्येक नोंदणीकृत इव्हेंटमध्ये साध्या, मूळ रचनेतल्या गाड्यांसाठी वेगळी वाट हवी. प्रत्येक अवघड अडथळ्याला बगल देणारा रस्ता हवा. लो-रेंज नसलेल्याला शिडीवर सोडू नका, पण गेटवरूनही परत पाठवू नका.

२. नवीन माणसाला आधी दोन तास शिकवा. हवा कमी करणं, वाट चालून बघणं, हुक कुठे लावायचा, आणि मुख्य म्हणजे कुठे गाडी घालायचीच नाही. हे झाल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही, मग गाडी पन्नास लाखांची का असेना.

३. जागा म्हणून बंद पडलेल्या दगडखाणी वापरा. पुण्याजवळ वाघोली-मोशीच्या बाजूला खाणींनी पोखरलेल्या टेकड्या आहेत, बाकीच्या शहरांभोवतीही आहेत. जिथे फूल उगवायचं राहिलेलं नाही तिथे चिखल उडवा. पाणी साठलेले खोल खड्डे आधी कुंपण घालून बंद करा.

४. ग्रामसभेची संमती आणि फीमधला ठरलेला वाटा ग्रामपंचायतीला. धूळ गावाने खायची आणि पैसे शहरातल्या आयोजकाने न्यायचे, हे चालणार नाही.

५. सडे, ओढ्या-नद्यांची पात्रं, किनारे, गवताळ माळ पूर्ण बंद. तिथे गाडी सापडली तर दंड करून सोडू नका, नोंदणीही काही काळ निलंबित करा.

६. बेकायदा बदल केलेल्या गाड्या मैदानात ट्रेलरवरून येऊ द्या. रस्त्यावर नको.

यावर एक उत्तर मला माहीत आहे: “साधी गाडीवाले आले की दिवसभर त्यांनाच ओढत बसावं लागतं.” मग वाट नीट आखा ना! दहा गाड्या एकाच खड्ड्यात अडकत असतील तर खड्डा चुकीच्या जागी आहे. दुसरं उत्तर: “गाडी फुटली की आमच्या नावाने ओरडतात.” लेखी घ्या. खालचं पत्र, सायलेन्सर, बंपर यांची जबाबदारी मालकाची, हे सही करून द्यायला आमच्यातला कुणी नाही म्हणणार नाही. एखादा ओरखडा परवडतो म्हणूनच आम्ही येतो.

ज्याच्या गाडीची ताकद मर्यादित आहे त्याला थांबायचं कुठे हे कळतं. नदी दिसल्यावर तो आधी खाली उतरतो आणि पाणी बघतो. पुष्कळदा बघून परत फिरतो. आज या खेळाला असा परत फिरणारा माणूस सगळ्यात जास्त हवाय. त्यालाच गेटवर अडवलंत, तर आत उरतील ते न बघता घालणारे. आणि मैदान अपुरं पडलं की ते तुमच्या गावच्या सड्यावर येतील.