लिओनचा चेहरा

‘रेसिडेंट ईव्हिल : वेलकम टू रकून सिटी’ हा चित्रपट नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. फार चालला नाही, आणि चालावा असा नव्हताही. पण त्याच्यावरून झालेली भांडणं चित्रपटापेक्षा जास्त टिकली. समीक्षक एका बाजूला, गेमचे चाहते दुसऱ्या बाजूला, आणि चाहत्यांतही पुन्हा दोन तट. त्या भांडणातला एक धागा थेट आपल्या मुलांच्या मनापर्यंत येऊन पोचतो. तो उलगडण्याआधी गोष्ट मुळापासून सांगायला हवी, कारण वाचकांपैकी अनेकांनी गेमचा कंट्रोलर कधी हातात धरलेला नसेल.

१९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं हा गेम काढला. तिकडे त्याचं नाव ‘बायोहझार्ड’, आणि दिग्दर्शक शिंजी मिकामी. जंगलातली एक जुनी हवेली, आत हिंडणारी प्रेतं आणि त्यात अडकलेली पोलिसांची एक खास तुकडी. तिच्यातले ख्रिस आणि जिल हे आपले नायक. दुसरा भाग १९९८ चा. त्यात हवेलीच्या जागी रकून सिटी हे अख्खं शहर सडलेलं आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथं पोचलेला लिओन केनेडी हा कोवळा पोलीस आणि भावाला शोधत आलेली क्लेअर, असे दोघं त्यात सापडतात.

हे गेम खेळताना भीती वाटायची ती प्रेतांची कमी आणि तंगीची जास्त. गोळ्या मोजक्या. औषध मोजकं. खिशात वस्तू ठेवायलाही जागा मोजकीच. खेळ जिथवर आलाय तिथवर जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा, त्याला शाईची रिबन घालायची, आणि रिबनाही मोजक्याच. पुढच्या बोळात एक प्रेत आहे, पिस्तुलात चार गोळ्या आहेत. मारायचं की बगल देऊन निसटायचं? ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर सगळा हिशोब असाच चालतो, त्या घरातल्या मुलाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

हे पडद्यावर कसं आणणार? खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. पडद्यावरच्याच्या गोळ्या संपल्या तर संपल्या, आपलं काय जातं! गेमवरून सिनेमा करणाऱ्या प्रत्येकासमोरची खरी अडचण ही आहे, आणि चेहरे, केस, कपडे ही सगळी चर्चा तिच्यानंतरची.

पहिल्या खेपेला पॉल अँडरसन यांनी ही अडचण सोडवलीच नाही, सरळ टाळली. २००२ ते २०१६ या काळात सहा चित्रपट निघाले. सहाही त्यांनी लिहिले, चार स्वतः दिग्दर्शित केले. नायिका ॲलिस, म्हणजे मिला योवोविच. ही ॲलिस गेममध्ये कुठंच नाही. ख्रिस, जिल, लिओन, क्लेअर हे गेमचे खरे मालक तिच्यामागं पाहुण्यासारखे येऊन जायचे. समीक्षकांनी नाकं मुरडली, चाहत्यांनी बोटं मोडली, आणि तरी सहा चित्रपटांनी मिळून १२० कोटी डॉलरहून अधिक कमावले. शिव्या देणारेही तिकीट काढून आत बसत होते, असा याचा अर्थ.

म्हणून नवी सुरुवात करताना दिग्दर्शक जोहानेस रॉबर्ट्स यांनी वचन दिलं ते इमानाचं. आता ॲलिस नाही. पहिल्या दोन गेमची गोष्ट, १९९८ चं साल, तीच हवेली, तेच पोलीस ठाणं. कॅपकॉमची मदत घेऊन ठाण्याचा दिवाणखाना आणि हवेलीचा जिना असा उभा केला की गेम खेळलेल्या माणसाला डोळे मिटूनही दरवाजे सापडावेत. पहिलं प्रेत मान वळवून बघतं तो क्षण तसाच. गेममध्ये हवेलीतल्या एका नोकराच्या डायरीच्या शेवटी उरलेले दोन शब्द इथं रक्तानं काचेवर उमटतात. चाहत्यांना या खुणा आवडल्या, आणि का आवडू नयेत? वीस वर्षं कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

पण खर्च झाला होता सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि जगभरातला गल्ला सव्वाचार कोटींच्या आसपास अडकला. जुन्या मालिकेच्या शेवटच्या एकट्या चित्रपटानं ३१ कोटी केले होते. कोविडचा काळ होता हे खरं, पण सगळं खापर कोविडवर फोडता येत नाही. रॉटन टोमॅटोजवर अनुकूल समीक्षा तीस टक्क्यांच्या घरात राहिल्या. प्रेक्षकांचा कौल त्याहून बराच वर होता, पण उत्साहाचा म्हणावा असा नव्हता.

समीक्षकांचं मुख्य म्हणणं मला पटतं. कित्येक तास चालणारे दोन गेम एका रात्रीत आणि १०७ मिनिटांत कोंबले. हवेलीत पाय ठेवेपर्यंत ठाण्यातून हाक येते, ठाण्यात श्वास घेईपर्यंत अनाथाश्रम येतो. कुणाला भ्यायला सवड नाही, मग आपण कुणासाठी भ्यायचं? दिग्दर्शकानं भिंतींशी इमान राखलं आणि माणसांना वाऱ्यावर सोडलं. मात्र काही समीक्षांतला ‘हा चित्रपट फक्त चाहत्यांसाठी’ असा शेरा मला आळशी वाटतो. चाहत्यांनाही चांगलाच चित्रपट हवा होता. ओळखीचा जिना दाखवला की हे लोक खूश, असं मानणं हा त्यांचा अपमान आहे.

उर्दूत तर्जुम्याचे दोन प्रकार सांगतात : लफ्ज़ी आणि बामुहावरा. लफ्ज़ी म्हणजे शब्दाखाली शब्द ठेवत जायचं, वाक्याचे हातपाय मोडले तरी बेहत्तर. बामुहावरा म्हणजे मूळ माणसाला जे म्हणायचं होतं ते आपल्या भाषेच्या चालीनं म्हणायचं. अँडरसननी तर्जुमा केलाच नाही, स्वतःची गोष्ट सांगितली. रॉबर्ट्सनी लफ्ज़ी केला. गेमची तंगी, म्हणजे त्याचा मिजाज, दोघांच्याही हातून सुटला. तो साधला कॅपकॉमलाच, २०१९ मध्ये, दुसरा गेम नव्यानं बांधताना. कॅमेरा बदलला, खोल्या बदलल्या, लिओनचा चेहराही नव्यानं घडवला. पण मोजक्या गोळ्या आणि मागून येणारी ती जड पावलं राहिली. एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. ‘जुना चेहरा कुठं गेला’ म्हणून कुणी आकांत केला नाही.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

चित्रपटातला लिओन आहे अव्हन जोगिया. कॅनडात जन्मलेला, वडिलांकडून गुजराती मुळाचा, आई गोरी. मिश्र वंशाच्या माणसाचं जगणं कसं असतं यावर त्याचं एक पुस्तकही आहे. गेममधला लिओन गोरा, भुरकट सोनेरी केसांचा. निवड जाहीर झाली त्या दिवसापासून चाहत्यांतला एक मोठा गट ओरडत होता की हा लिओन नाही. जिलच्या भूमिकेतली हाना जॉन-केमन हिच्याबद्दलही तेच. तिचे वडील नायजेरियाचे, आई नॉर्वेची. तेव्हा चित्रपटाचं एकही दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. कामाबद्दल मत बनायला काम दिसावं लागतं. इथं दिसत होता फक्त चेहरा.

मग चित्रपट आला आणि लिओन खरोखरच फसलेला निघाला. कानाला हेडफोन लावून टेबलावर झोपतो. बाहेर टँकर उलटून आगडोंब उसळतो, जळता माणूस दारातून आत येतो, तरी याला पत्ता नाही. प्रशिक्षणात स्वतःच्याच जोडीदाराच्या पार्श्वभागात गोळी घातली म्हणून याला या गावी पाठवलेलं. वरिष्ठ सतत याला झापतात. गेममध्येही तो नवखाच होता, पण हुशार आणि माणुसकीचा. चाहत्यांच्या मनात तर २००५ च्या चौथ्या गेममधला, राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला सोडवून आणणारा लिओन बसलेला. त्या जागी हा विदूषक. शेवटी खांद्यावर रॉकेट लाँचर देऊन त्याला वीर केलं, पण तोवर हसून झालं होतं.

म्हणजे आक्षेप दोन होते. एक लिखाणाचा, जो रास्त होता. दुसरा रंगाचा. आणि दोघांनी एकच कपडा पांघरला, ‘मूळ गेमशी इमान’ हा. लिखाण वाईट निघाल्यावर रंगावर बोट ठेवणाऱ्यांना आयतं म्हणता आलं, बघा, आम्ही आधीच सांगत होतो. आणि दुसऱ्या बाजूचे काही लोक लिखाणावर बोलणाऱ्यालाही वंशवादी ठरवून मोकळे झाले. वाईट लेखन आणि वाईट नजर एकमेकांच्या आडोशाला उभी राहिली, आणि दोघंही बचावली.

नववीच्या वर्गात तर्जुम्याचे हे दोन प्रकार शिकवताना मी उदाहरण म्हणून हा चित्रपट घेतला. अर्ध्या वर्गानं तो मोबाइलवर पाहिलेला होता. लिओन का आवडला नाही, असं विचारल्यावर बहुतेकांनी झोपण्याचं, गोळीचं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, वो अपनेच जैसा दिखता है ना, इसलिये हीरो नहीं लगता.” वर्ग हसला. तोही हसला. चिडून नाही, तक्रार म्हणून नाही. पाणी खाली वाहतं हे सांगावं इतक्या सहज तो बोलला होता.

हे त्याला कुठल्या गेमनं शिकवलेलं नाही. आपल्याकडच्या शाळांची स्नेहसंमेलनं आठवून पाहा. राजा कोण होतो? वर्गातला उजळ पोरगा. राजकन्या? पावडर न लावता चालेल अशी मुलगी. सावळ्यांच्या हातात भाला, आणि उभं राहायला पडद्याजवळची जागा. पाठांतर कुणाचं चांगलं, आवाज कुणाचा खणखणीत, हे नंतर. उर्दू शाळा असो की मराठी, यात फरक नाही. तेव्हा अमेरिकेतल्या चाहत्यांना नावं ठेवताना जरा दमानं घ्यावं.

आता चाहत्यांची बाजू. आवडत्या माणसाचा चेहरा बदलला की मन खट्टू होतं, ते प्रत्येक वेळी द्वेषातून नसतं. ‘द लास्ट ऑफ अस’ ही २०२३ ची मालिका घ्या. एलीच्या भूमिकेत बेला रामझी आली तेव्हा ‘ही एलीसारखी दिसत नाही’ हा सूर होताच, आणि ती गोरीच आहे. पण तिला लिखाण मिळालं, वेळ मिळाला, आणि अनेकांचा विरोध पहिल्या काही भागांतच गळून पडला. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँक यांची गोष्ट गेमपासून पार दूर गेली, तरी तो भाग सर्वांत जास्त वाखाणला गेला. उलट ‘रेसिडेंट ईव्हिल’वरून नेटफ्लिक्सनं २०२२ मध्ये मालिका काढली. तिच्यात वेस्कर हा गोरा खलनायक लान्स रेडिक या कृष्णवर्णीय नटानं केला. मालिका एका हंगामात बंद पडली, पण तिला झोडपणारेही रेडिकचं काम चांगलं असल्याचं सांगत होते. पात्राचा बाज नटाच्या कातडीत नसतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि हे समजायला नेटफ्लिक्सपर्यंत जायची तरी काय गरज! आपलं मालेगाव आहे. नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, हाडं मोजता येतील असा किडकिडीत माणूस. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तो दिसतो. मूळ सुपरमॅनशी त्याचं साम्य विचाराल तर कपड्यांपुरतं. तो विनोदी नकलेचा प्रकार होता, गंभीर रूपांतराचा नव्हे, हे मान्य. हसण्यासाठीच तो तसा निवडला होता हेही मान्य. पण तिथं हसू होतं ते आपल्याच माणसाबरोबरचं, आणि उडत होता तोच. रकून सिटीच्या ठाण्यात झोपलेल्या जोगियावर हसताना असं कुणाबरोबर हसल्यासारखं वाटत नाही.

म्हणून निर्मात्यांवर माझा राग चाहत्यांपेक्षा जास्त आहे. चाहते निदान उघड बोलले. यांनी सावळ्या नटाला मोठ्या भूमिकेत घेतलं, त्याचं श्रेय घेतलं, आणि मग सगळ्या पात्रांत थट्टेचं पात्र त्यालाच केलं. ख्रिस रुबाबदार राहिला, वेस्करला दुविधेचे क्षण मिळाले, लिओनच्या वाट्याला झापणं. हे ठरवून झालं असं मी म्हणत नाही. न ठरवता होतं, हीच तर अडचण आहे.

या गेमवरून आणखी चित्रपट निघतील, पैसा आहे तोवर निघतच राहतील. त्यात कुणीतरी पुन्हा एक सावळा लिओन घ्यावा आणि या वेळी त्याला लिहून द्यावा : चार गोळ्या, एक बंद दरवाजा, मागं एक घाबरलेलं माणूस, आणि विचार करायला पुरेसा वेळ. त्यानंतरही ज्यांना तो लिओन वाटणार नाही, त्यांना मग नेमकं काय खुपतंय ते गेमचं नाव न घेता सांगावं लागेल.