ग्रुपवरचा सल्ला नेमका कुणाचा?

स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव व्हॉट्सॲप ग्रुप काढले, ते बरेच झाले. पाणी फाउंडेशनच्या डिजिटल शेतीशाळेत तर शेतकरी घरबसल्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात.

पण आमच्या भागात एका संस्थेच्या ग्रुपवर ॲट्राझिन फवारण्याचा सल्ला आला. सल्ला मक्याचा होता, खोटा नव्हता. पुढे पाठवता पाठवता मक्याचे नाव तेवढे गळाले. एकाने तो सोयाबीनवर मारला. उभे पीक करपले. विचारले, तर जो तो म्हणतो, मी फक्त पुढे ढकलला!

म्हणून संस्थांनी ग्रुपचे नियम लेखी करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. सल्ल्याखाली पीक, तारीख आणि देणाऱ्याचे नाव पाहिजेच. चूक झाली तर मजकूर गुपचूप पुसू नये, दुरुस्ती तिथेच लिहावी. आणि हो, खुरपणीला बाया, फोन मात्र घरधन्याच्या खिशात! त्यांना सल्ला वाचून कोण दाखवणार, हेही संस्थेने ठरवावे.