विश्लेषण : कोड सर्वांसमोर खुला, मग चोरवाट आली कुठून?

लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, ही एक खूण होती. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी तिचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी धक्कादायक बाब जाहीर केली. 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या लिनक्स सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट ठेवली होती. तिच्यातून दूरच्या संगणकाचा ताबा घेता आला असता. जगातल्या असंख्य वेबसाइट्सचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यामुळे हा धोका फक्त तंत्रज्ञांपुरता नव्हता.

पॅकेज कसं तयार होतं?

सॉफ्टवेअरचा मूळ कोड ऑनलाइन खुला असतो. नवी आवृत्ती आली की त्याचं एक गाठोडं बांधलं जातं, त्याला 'टारबॉल' म्हणतात. डेबियनचे स्वयंसेवक त्याला 'डेबियन' नावाचं फोल्डर जोडतात. त्यातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये पॅकेजची माहिती आणि त्याला लागणाऱ्या इतर सॉफ्टवेअरची यादी असते, तर 'रूल्स' फाइलमध्ये ते बांधायच्या सूचना. संगणक त्यानुसार कोड कंपाइल करून 'डेब' पॅकेज बनवतो. फेडोरामध्ये हेच काम 'स्पेक' फाइल करते आणि 'आरपीएम' पॅकेज तयार होतं.

मग गडबड कुठे झाली?

टारबॉलमध्ये मूळ कोडशिवाय आपोआप तयार झालेल्या लांबलचक स्क्रिप्टही असतात. त्या सहसा कुणी वाचत नाही. 'जिया टॅन' या नावाने २०२१ पासून वावरणाऱ्या खात्याने नेमका याचाच फायदा घेतला. आधी प्रकल्पाचा विश्वास कमावला, नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत डाव साधला. घातक भाग चाचणीच्या फाइल्समध्ये दडवला होता. तो जागा करणारी ओळ मात्र फक्त टारबॉलमध्ये होती, ऑनलाइन दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. शिवाय डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल, तरच ती काम करायची.

नुकसान किती झालं?

डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराची विकसनशील आवृत्ती अशा ठिकाणी हे पॅकेज पोहोचलं होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते गेलंच नव्हतं. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले.

उपाय काय?

'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स' या उपक्रमात एकाच कोडपासून वेगवेगळ्या लोकांनी पॅकेज बांधून ते तंतोतंत जुळतं का, हे पाहिलं जातं. पण इथे टारबॉलच दूषित होता. सगळ्यांनी त्यातूनच पॅकेज बांधलं असतं, तर सगळ्यांची चोरवाटही तंतोतंत जुळली असती. म्हणून टारबॉल आणि खुला कोड यांची तुलना करणं, किंवा थेट खुल्या कोडमधूनच पॅकेज बांधणं, हा मुद्दा पुढे आला.

हे काम वाढीव आहे आणि एक्सझेडची देखभाल अनेक वर्षं प्रामुख्याने एकच व्यक्ती मोकळ्या वेळेत करत होती. जगभरातले सर्व्हर ज्यावर विसंबून आहेत, त्या कोडची राखण करणाऱ्यांना मनुष्यबळ आणि पैसा कोण देणार, हा प्रश्न त्यामुळेच कायम आहे.